बर्फावर जाणाऱ्या रुग्णास काय सांगावे?

जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले गाव. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यातील आम्हा लोकांना हे थंड हवेचे ठिकाण वाटते, आणि मुंबईकर पाहुणे जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोसा धबधबा पाहून तसेच म्हणत परत जातात. पौष महिन्यात पहाटे शेकोटी पेटवावी लागते हे खरे. परंतु पाणी गोठते असा अनुभव येथे कोणालाही नाही. अशा प्रदेशातील मनुष्य आता औलीस, गुलमर्गास, सोलंगला स्कीइंग करण्यास जाऊ लागला आहे. शाळांतील शिक्षक, बँकांतील व पंचायत समितीतील कर्मचारी, नाशिक-मुंबईस शिकणारी मुले यांच्या सहलींचा बेत दिवाळीनंतर ठरतो, आणि निघण्यापूर्वी एक दिवस ते आपल्या चिकित्सालयात किंवा औषधालयात डोकावतात. "वैद्यराज, बर्फात चाललोय, काहीतरी ताकदीचं द्या," एवढीच त्यांची मागणी असते. आपणही च्यवनप्राशाचा डबा, तिळतेलाची बाटली आणि कापराची पुडी देऊन त्यांना निरोप देतो.

आमच्या मते हा निरोप अपुरा आहे, आणि जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात तो कधीकधी घातकही ठरू शकेल. त्याची कारणे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

प्रथम प्रदेशाचा विचार करू. औली हे उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात जोशीमठाच्या वरच्या अंगास आहे. (जोशीमठ तहसिलीचे नाव २०२४ मध्ये ज्योतिर्मठ असे झाले, प्रवासी मात्र अजून जुनेच नाव वापरतात.) स्कीचा उतार साधारण २५०० ते ३०५० मीटरच्या दरम्यान पडतो. समोर नंदादेवीचे शिखर दिसते. नंदादेवी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झाले, १९८८ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि २००५ मध्ये पुष्पदरी म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे उद्यानही त्या नोंदीत जोडले गेले. पर्यटकांची एक समजूत येथेच दूर केली पाहिजे. राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात स्कीइंग चालत नाही. पुष्पदरी जून ते ऑक्टोबर एवढाच काळ उघडी असते, हिवाळ्यात ती बर्फाखाली आणि कुलपाखाली असते. स्कीइंग चालते ते उद्यानाच्या शेजारच्या, औलीच्या उतारावर. तेथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्कीइंग संस्था १९७३ पासून आहे, आणि गढवाल मंडल विकास निगम नवशिक्यांसाठी ७ व १४ दिवसांचे वर्ग चालवीत आले आहे. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा येथे भरल्या होत्या.

बेत करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचली, शेकडो घरांस तडे गेले, आणि जोशीमठ-औली हा सुमारे ४ किलोमीटरचा रज्जुमार्ग त्याच वेळी बंद करण्यात आला. त्याची व निवासाची सद्यःस्थिती निघण्यापूर्वी निगमाकडे विचारून घ्यावी. रज्जुमार्ग नसेल तर वर जाण्यास रस्ता आहे. दुसरे असे की बर्फ हे वेळापत्रकाने पडत नाही. २०२३ मध्ये पुरेसे हिम नसल्याने औलीतील राष्ट्रीय स्पर्धा रद्द कराव्या लागल्या होत्या. म्हणून जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरावा, परंतु एकही पैसा परत न मिळणारे आरक्षण शक्यतो करू नये. हा वैद्यकीय सल्ला नव्हे हे आम्हास ठाऊक आहे. पण पैसे अडकलेला मनुष्य अंगात ताप असतानाही प्रवासास निघतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आता मूळ मुद्दा. हिमप्रदेशात शरीरास दोन गोष्टी नव्याने सोसाव्या लागतात, शैत्य आणि विरळ हवा. शैत्याविषयी आपल्या शास्त्रात विपुल विवेचन आहे. विरळ हवेविषयी, म्हणजे केवळ उंचीमुळे होणाऱ्या विकाराविषयी, संहितांत स्वतंत्र प्रकरण नाही. त्यामुळे होते असे की, रुग्णास आपण थंडीसाठी सिद्ध करतो आणि उंचीसाठी नाही. प्रत्यक्षात स्कीच्या सहलीत उंचीही प्राणावर बेतू शकते.

समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. जव्हारला तो ७२० च्या आसपास भरेल. २५०० मीटरवर तो सुमारे ५६० होतो, ३००० मीटरवर ५२५, आणि गुलमर्गचा रज्जुमार्ग ज्या अफरवट पर्वताच्या खांद्यावर नेऊन सोडतो तेथे, ३९०० मीटरच्या वर, ४६५ च्या जवळपास. हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण सर्वत्र एकच, सुमारे २१. परंतु दाबच घटल्याने एका श्वासात येणारा प्राणवायू त्या मानाने कमी पडतो. २५०० मीटरवर तो समुद्रकाठच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश राहतो. शरीर हे जाणते आणि श्वास वाढवते, नाडी जलद करते, पुढे काही दिवसांत मूत्रावाटे क्षार टाकून रक्ताचा समतोल साधते, काही आठवड्यांत रक्तकण वाढवते. या सर्वांस वेळ लागतो. जो वेळ देतो त्यास सहसा त्रास होत नाही.

येथे आपल्या शास्त्रातील एका तत्त्वाकडे आम्ही वाचक वैद्यांचे लक्ष वेधू इच्छितो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सवयीच्या अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार पादांशाने, म्हणजे चतुर्थांश-चतुर्थांश करीत, क्रमाने करावा असे सांगितले आहे. वाग्भटांनी ऋतुसंधीचा विचार करताना मावळत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस व उगवत्या ऋतूचे पहिले सात दिवस धरून जुनी चर्या हळूहळू सोडण्यास व नवी हळूहळू धरण्यास सांगितले. कालाच्या बाबतीत जे खरे, ते देशाच्या बाबतीतही खरे मानण्यास काय हरकत आहे? आधुनिक गिर्यारोहण-वैद्यक हेच निराळ्या शब्दांत सांगते. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक चढवू नये, आणि तीन-चार दिवसांत एक दिवस थांबावे. ओकसात्म्याचा हा प्रयोगच आहे. आम्ही या दोन परंपरांचे बळेच लग्न लावीत नाही. परंतु रुग्णास समजावताना "ऋतुसंधी पाळता ना, तशी उंचीची संधी पाळा" हे वाक्य त्याच्या मनात लवकर उतरते.

आपल्या राज्यातील आश्रमशाळांचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य' या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट शिखर गाठले. त्याआधी या मुलांना दार्जिलिंग व लडाख येथे टप्प्याटप्प्याने उंचीची सवय लावण्यात आली होती. रानात वाढलेली, काटक, डोंगर चढण्याची सवय असलेली ती मुले होती. तरीही टप्पे वगळले गेले नाहीत. काटकपणा निराळा आणि उंचीची सवय निराळी. आपल्याकडे मोखाड्याचा तरुण डोक्यावर मोळी घेऊन घाट चढतो, म्हणून त्याला औलीत काही होणार नाही असे समजणे चूक आहे. उलट धडधाकट तरुणच पहिल्या दिवशी सर्वांत जास्त धावपळ करतो आणि रात्री डोके धरून बसतो.

म्हणून प्रवासाची आखणी कशी करावी? नाशिक रोडहून किंवा कल्याणहून रेल्वेने हरिद्वार. हरिद्वार-ऋषिकेश ही स्थाने ३०० ते ४०० मीटर उंचीची, म्हणजे आपल्या जव्हारहून थोडी खालचीच. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, घाटरस्ता. अनेक मंडळी पहाटे निघून रात्री थेट औली गाठतात. तसे करू नये. वाटेत पीपलकोटी येथे एक रात्र काढावी. ते सुमारे १२५० मीटरवर आहे. नंतर जोशीमठास, म्हणजे सुमारे १९०० मीटरवर, दोन रात्री. दिवसा औलीस जाऊन बर्फावर उभे राहण्याचा सराव करावा आणि झोपण्यास खाली यावे. त्यानंतर वर मुक्काम करावा. सुटीचे दोन दिवस यात जातात, आणि तेवढ्यासाठीच लोक कुरकुर करतात. गुलमर्गचा बेत याहून अवघड. सकाळी मुंबईहून विमान, दुपारी श्रीनगर (सुमारे १६०० मीटर), संध्याकाळी गुलमर्ग (२६५० मीटर) आणि दुसऱ्या सकाळी रज्जुमार्गाने ३९०० च्या वर. चोवीस तासांत सुमारे ३९०० मीटरची चढण, तीही बसल्या बसल्या. गुलमर्गास जाणाऱ्यास आम्ही असे सांगतो की, श्रीनगरात एक रात्र काढावी, पहिले दोन दिवस गुलमर्गच्या मैदानातील सौम्य उतारावरच शिकावे आणि वरचा टप्पा तिसऱ्या दिवसानंतर, तोही थोडा वेळ, पाहून यावा.

आता ज्या विषयासाठी हा लेख मुख्यत्वे लिहिला, तो विषय. तो दार्जिलिंगच्या किंवा पुण्याच्या वैद्यापेक्षा आपल्या तालुक्यांतील वैद्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. भारतात हा विकार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत नोंदला गेला; पुढे मध्य व पश्चिम भारताच्या आदिवासी पट्ट्यात त्याचा मोठा प्रसार असल्याचे दिसून आले. आई व वडील दोघांकडूनही दोषयुक्त जनुक आले तर व्यक्ती रुग्ण होते. एकाकडून आले तर वाहक. मलेरियाच्या प्रदेशात वाहक व्यक्तीला त्या ज्वराच्या गंभीर स्वरूपापासून काही संरक्षण मिळते, म्हणून पिढ्यानपिढ्या हे जनुक टिकून राहिले. वाहक बहुधा पूर्ण निरोगी असतो. शेती करतो, धावतो, भरतीत निवडला जातो. त्याला स्वतःला आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते.

परंतु या रक्तकणांचा गुण असा की, प्राणवायू कमी पडला की ते कोयत्यासारखे वाकतात, ताठ होतात आणि सूक्ष्म स्रोतसांत अडकतात. आपल्या परिभाषेत हा स्रोतोरोधच होय. कारण मात्र रक्तकणाच्या घडणीत आहे, आहार-विहारात नाही. जव्हारच्या हवेत वाहकास हे सहसा होत नाही. ३००० मीटरच्या आसपास, थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम यांची जोड मिळाल्यावर होऊ शकते, आणि तेव्हा बहुतेकदा प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो. डाव्या बरगड्यांखाली तीव्र वेदना, मळमळ, उलटी, कधी ज्वर. उंचीवर गेलेल्या वाहकांत असे प्लीहापात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात अनेक आहेत. त्यांतील काहींना त्या क्षणापर्यंत आपण वाहक असल्याचे माहीतच नव्हते. जो प्रत्यक्ष रुग्ण आहे त्याचा धोका याहून कितीतरी मोठा. त्याने रक्तविकारतज्ज्ञाच्या स्पष्ट संमतीवाचून २००० मीटरच्या वरचा बेत आखूच नये.

विचार करा, औलीच्या निवासात रात्री एखाद्या तरुणाच्या डाव्या कुशीत दुखू लागले. सोबतच्यांनी जव्हारला वैद्यांना दूरध्वनी केला. आपण ऐकले, पोटात दुखते, उलटी झाली, दिवसभर बर्फात पडझडही झाली. अम्लपित्त म्हणावे, उदावर्त म्हणावे की स्नायूंचा मार म्हणावे? अविपत्तिकर चूर्ण, हिंग्वाष्टक, वेदनाशामक लेप, ही उत्तरे जिभेवर तयार असतात. ती त्या रात्री देऊ नयेत. आदिवासी समाजातील व्यक्ती, उंच प्रदेश, डाव्या बाजूची वेदना, एवढे तीन शब्द जुळले की उत्तर एकच: प्राणवायू द्या, गरम पाणी पाजा, ताबडतोब खाली उतरवा, रुग्णालयात न्या आणि तेथील डॉक्टरांना 'सिकलसेलची शक्यता आहे' असे सांगा. चमोलीच्या डॉक्टरांना जव्हारची वस्ती कोणती हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तुम्हास ठाऊक आहे.

त्याहून बरे म्हणजे निघण्यापूर्वीच विचारणे. राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी आणि निष्कर्षाचे पत्रक देण्याची योजना आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. प्राथमिक विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली तर रुग्ण की वाहक हे ठरविण्यास पुढील चाचणी लागते, हेही सांगावे. औषधालयधारकांना आमची विशेष विनंती आहे. च्यवनप्राश घेण्यास आलेला ग्राहक हिमालयात चालला असे कळले तर "सिकलसेलचं कार्ड काढलंय का?" एवढा प्रश्न विचारावा. विचारण्याची पद्धत मात्र सांभाळावी. दुकानात चार माणसे उभी असताना, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना, मोठ्याने हा प्रश्न करणे योग्य नव्हे. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, हे वाक्य प्रश्नासोबतच जावे.

पांडुरोगाचेही तसेच. आपल्या भागातील स्त्रियांत रक्ताल्पता किती आहे, हे येथील प्रत्येक वैद्य जाणतो. प्राणवायू वाहणारे द्रव्यच कमी असेल तर विरळ हवेत दम लवकर लागणार. सहलीच्या दोन महिने आधी हिमोग्लोबिन पाहून चिकित्सा सुरू करावी. आठ दिवस आधी लोहभस्मयुक्त कल्प देऊन काही साधत नाही.

उंचीचा त्रास ओळखावा कसा, हे थोडक्यात. वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोके दुखणे, त्यासोबत मळमळ, भूक न लागणे, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे. एवढेच असेल तर त्या दिवशी वर जाऊ नये, विश्रांती घ्यावी; बहुतेकांना दोन दिवसांत बरे वाटते. परंतु मनुष्य अडखळू लागला, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता येईना, बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूस सूज येत आहे असे समजावे. विश्रांतीतही दम लागणे, खोकला, छातीत घुरघुर, ओठ निळसर दिसणे, ही फुफ्फुसांत पाणी साठल्याची लक्षणे. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री येतात. या दोन्ही अवस्थांत रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. खाली उतरणे हीच मुख्य चिकित्सा, प्राणवायू व आधुनिक औषधे तिला साहाय्यक. येथे खोकल्यास वासावलेह आणि श्वासास श्वासकुठार देत बसणे म्हणजे मौल्यवान तास घालविणे होय. आपल्या औषधांवर आमची निष्ठा कोणाहून कमी नाही, पण औषधाची जागा आणि वेळ ठरलेली असते.

करोनाच्या साथीपासून घरोघरी बोटास लावण्याचे ऑक्सिमीटर आले आहेत. ते सोबत न्यावे. पण ३००० मीटरवर निरोगी माणसाचा आकडाही ९० च्या आसपास दिसू शकतो, हे न सांगितल्यास नाहक घबराट होते. उलट आकडा बरा आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करणे त्याहून वाईट.

प्रतिबंधासाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध अनेक प्रवासी घेतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाचे आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी, गर्भावस्था, वृक्कविकार असल्यास विशेष विचार लागतो. औषधालयधारकांनी "सगळेच घेतात" म्हणून ते देऊ नये.

कापराविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. हिमालयात जाताना कापराची पुरचुंडी हुंगत राहावे, म्हणजे दम लागत नाही, ही समजूत सर्वत्र पसरली आहे, आणि सहलीच्या हंगामात आपल्या दुकानांतून पुष्कळ कापूर विकला जातो. कापूर हुंगल्याने नाकात शीतलता येते, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातील प्राणवायू त्याने वाढतो असे दाखविणारा आधार नाही. मोकळे वाटल्यामुळे मनुष्य आणखी वर चढतो, हा खरा अपाय. शिवाय लहान मुलाच्या पोटात थोडाही गेला तर आकडी येऊ शकते, आणि ज्वालाग्राही असल्याने विमानात तो नेण्यास मनाई आहे. विक्री बंद करा असे आम्ही म्हणत नाही. विकताना "हा प्राणवायू नव्हे" हे सांगावे, एवढेच.

आहाराच्या बाबतीत आमचे मत काही वाचकांना रुचणार नाही. हेमंत-शिशिरात अग्नी प्रबळ असतो, म्हणून स्निग्ध, गुरू, मधुर-अम्ल-लवण आहार घ्यावा, हे चरकोक्त ऋतुचर्येचे सूत्र सर्वांस पाठ आहे. त्याच्या आधारे आपण प्रवाशास डिंकाचे लाडू, उडदाचे पदार्थ, भरपूर तूप सांगतो. परंतु नवख्या मनुष्याची भूक उंचीवर पहिले दोन दिवस मंदावते. अग्नी तेथे ऋतूचे ऐकत नाही, देशाचे ऐकतो. म्हणून आरंभी उष्ण, लघू, द्रवप्राय आहार द्यावा. मुगाची खिचडी, भाताची पेज, नागलीची आंबील. आपल्या घरची नागली व वरई सोबत नेण्यास सोपी आणि पोटास ओळखीची. गढवालातही मंडुवा या नावाने नागली खाल्ली जातेच. भूक स्थिरावली की मग लाडू काढावेत. पाणी कोमट, तहान नसतानाही थोडे थोडे प्यावे, कारण कोरड्या थंड हवेत श्वासावाटे पुष्कळ पाणी जाते. सुंठ घालून उकळलेले पाणी मळमळीस उपयोगी. मद्य सर्वथा टाळावे. रम घेतल्याने ऊब येते हा भास आहे. त्वचेकडे रक्त धावते आणि शरीराची खरी उष्णता बाहेर जाते, झोपेतला श्वासही मंदावतो.

अभ्यंगास आमचा पूर्ण पाठिंबा आहे, आणि तो तिळतेलाचाच. खोबरेल चोवीस अंशांखाली थिजते, औलीत ते बाटलीतून निघणारही नाही. रात्री पायांस व सांध्यांस तेल चोळून लोकरी मोजे घालावेत. मात्र बोट पांढरे, बधिर, कठीण झाले असेल, म्हणजे हिमदग्ध झाले असेल, तर तेथे मर्दन करू नये, बर्फ चोळू नये, शेकोटीवर धरू नये. बधिर अंगास चटका कळत नाही. अंगाच्या उष्णतेइतक्या, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ते बुडवून ठेवावे, तेही पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच, आणि रुग्णालय गाठावे. स्नेहन-स्वेदनाचा मोह येथे आवरावा. डोळ्यांना अंजन घातले तरी काळा चष्मा सुटत नाही. ताजे बर्फ सूर्याची अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परत फेकते, आणि ढगाळ दिवशीही डोळे भाजतात.

'शरीर शुद्ध करून जावे' म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभरात विरेचन मागणारे रुग्ण असतात. ते नाकारावे. संसर्जनक्रम व परिहारकाल पूर्ण न झालेला मनुष्य दुर्बल असतो. त्याऐवजी दीड महिना आधी व्यायाम सुरू करावा, अर्धशक्तीने, कपाळावर व काखेत घाम येईपर्यंत. स्कीइंगमध्ये सर्वांत अधिक इजा गुडघ्यास होते. जानुमर्माच्या आघाताने खंजत्व येते असे सुश्रुताचार्यांनी सांगितलेच आहे. मांडीचे स्नायू बळकट असतील तर गुडघा सांभाळला जातो, त्यासाठी जव्हारच्या कोणत्याही टेकडीवरून हळूहळू उतरण्याचा सराव पुरेसा आहे. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक उपयोगी. आणि भाड्याने मिळणाऱ्या साहित्यात शिरस्त्राण असते, ते मुद्दाम मागून घ्यावे. मधुमेही रुग्णाने इन्सुलिन अंगाजवळच्या खिशात ठेवावे, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. हृद्रोगी व श्वासरोगी यांना त्यांच्या डॉक्टरांच्या लेखी संमतीवाचून पाठवू नये.

शेवटी व्यवसायबंधूंसाठी एक सूचना. औषधींच्या भूमीत हिमवान श्रेष्ठ, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. त्यामुळे सहलीस निघालेल्या ओळखीच्या माणसास "येताना थोडी कुटकी, जटामांसी आणा, शिलाजतू मिळाले तर बघा" असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून वनस्पतीचे पानही नेता येत नाही. कुष्ठ ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. जटामांसी व कुटकीच्या व्यापारावरही निर्बंध आहेत. पर्यटनस्थळी रस्त्याच्या कडेला शिलाजतू म्हणून मिळणाऱ्या काळ्या गोळ्यांची शुद्धता कोणीही सांगू शकत नाही. परवानाधारक व्यापाऱ्याकडून बिलासह घेतलेलाच माल औषधालयात असावा. औलीवरील गोरसों बुग्यालकडे जाणाऱ्यांनी हेही जाणावे की, उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे त्या उंच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली आहे.

येत्या हंगामापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या चिकित्सालयात व दुकानात एक छोटा कागद लावावा, असे आम्ही सुचवितो. त्यावर मराठीत चार ओळी असाव्यात: सिकलसेल तपासणी झाली का, वर जाताना कोठे थांबणार, डोके दुखल्यास चढू नका, दम लागल्यास किंवा डाव्या कुशीत दुखल्यास त्याच रात्री खाली उतरा. त्याखाली आपला दूरध्वनी क्रमांक. औलीहून रात्री कोणी त्या क्रमांकावर बोलले तर तुमच्याकडील पहिला प्रश्न "किती उंचीवर आहात?" हा असावा, आणि दुसरा "गाडी मिळते का?"